दुधाची दाढ किडली, तर ती पडायची वाट पाहू नका

प्रश्न : माझा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे, वजन १६ किलो. त्याच्या वरच्या पुढच्या चारही दातांवर हिरडीलगत पांढरे पट्टे आलेत आणि मधल्या दोन दातांवर तपकिरी खड्डे पडलेत. खाली डावीकडच्या सगळ्यात मागच्या दाढेला भोक आहे. मागच्या आठवड्यात दोन रात्री तो ठणक्यानं रडत उठला. मेडिकलवाल्यानं अँटिबायोटिक दिलं आणि तीन दिवसांत दुखायचं थांबलं. तालुक्याच्या डेंटिस्टनी एक्स-रे काढला आणि नस साफ करून स्टीलची टोपी बसवावी लागेल असं सांगितलं. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडणारच आहेत, लेकराला कशाला त्रास द्यायचा. साडेतीन वर्षांचा होईपर्यंत तो रात्री बाटलीनं साखर घातलेलं दूध प्यायचा, आता झोपताना पेल्यानं पितो. ब्रश सकाळी त्याचा तोच करतो. पेस्ट लहान मुलांची, फ्लोराइड नसलेली आहे, कारण फ्लोराइड वाईट असं ऐकलं होतं. पिण्याचं पाणी बोअरचं आहे. उपचार खरंच लागतील का? मोठी मुलगी साडेसहा वर्षांची आहे, तिचे दात चांगले दिसतात. तिच्यासाठी काही करायला हवं का?
— एक आई, जालना जिल्हा

उत्तर :

ताई, पहिली गोष्ट दाढेची, कारण तिथे वेळ कमी आहे. दुखायचं थांबलं म्हणून दाढ बरी झाली असं समजू नका. झोपेतून उठवणारा, आपोआप सुरू होणारा ठणका म्हणजे कीड नसेपर्यंत पोचली आहे. असा ठणका काही दिवसांनी आपणहून थांबतो, तेव्हा बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते. मेलेल्या नसेला वेदना कळत नाही, पण जंतूंचं काम चालूच राहतं. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर पुवाची पुळी येते किंवा गाल सुजतो. अँटिबायोटिक रक्तातून पोचतं. मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही, त्यामुळे औषध तिथे पोचत नाही. गोळ्या-सिरपनं सूज आणि ताप आटोक्यात येऊ शकतो, दाढ दुरुस्त होत नाही. आत्ताची शांतता उपचारासाठी वापरा.

सासूबाईंचं म्हणणं पुढच्या दातांपुरतं बऱ्यापैकी खरं आहे. वरचे मधले दोन दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात, त्यांच्या शेजारचे सात-आठला. मागच्या दाढेचं तसं नाही. तुम्ही सांगता ती दाढ म्हणजे दुसरी दुधाची दाढ असणार, आणि ती पडते १० ते १२ वर्षांच्या दरम्यान. म्हणजे मुलाला तिच्यावर अजून पाच-सहा वर्षं चावायचं आहे.

तिचं आणखी एक काम आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास तिच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ही दाढ वर येताना दुधाच्या दाढेच्या मागच्या भिंतीला टेकून आपली जागा पकडते. ती भिंत आधीच काढून टाकली, तर कायमची दाढ पुढे सरकते आणि दुधाच्या दाढेखाली वाढणाऱ्या कायमच्या दाताची जागा खाते. मग तो दात हाडातच अडकतो किंवा वाकडा बाहेर येतो, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी तारा लावायची वेळ येते. मुळाशी पू बराच काळ राहिला, तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातावर पिवळट-तपकिरी डाग पडू शकतात किंवा त्याचं कवच कच्चं राहतं. म्हणून तुमच्या डेंटिस्टनी सांगितलेला उपचार योग्य वाटतो.

त्यात नेमकं काय होतं ते माहीत असलं, की भीती कमी होते. आधी हिरडीवर बधिर करणारं जेल, मग भुलेचं इंजेक्शन. कीड काढून नसेच्या पोकळीपर्यंत वाट करतात, मुळांतल्या नळ्या बारीक फायलींनी साफ करून औषधी पाण्यानं धुतात आणि त्यात पेस्ट भरतात. इथे एक गोष्ट विचारून घ्या : भरायची पेस्ट दुधाच्या मुळासोबत विरघळणारी आहे ना? मोठ्यांच्या रूट कॅनालमध्ये रबरासारखा पदार्थ भरतात, तो विरघळत नाही. दुधाच्या दाताचं मूळ मात्र पुढे झिजून नाहीसं व्हायला हवं, नाहीतर खालच्या कायमच्या दाताला वाट मिळत नाही. लहान मुलांचं काम नियमित करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, तरी विचारायला हरकत नाही.

वर स्टीलची टोपी कशासाठी? नस काढलेली दाढ ठिसूळ होते आणि नुसतं सिमेंट भरलं तर चावताना भिंत तुटते. फटीतून लाळ आत गेली की सगळं काम वाया. या टोप्या वेगवेगळ्या मापांत तयार मिळतात, सिमेंटनं चिकटवतात आणि दाढ पडते तेव्हा तिच्यासोबतच पडतात. पहिले दोन-चार दिवस दाढ उंच लागते, हिरडी थोडी पांढरट किंवा लाल दिसते, मग बसतं. चिक्की, चॉकलेट-टॉफी मात्र त्या बाजूनं चावू देऊ नका, टोपी निघून येते. आली तर ती सांभाळून ठेवा आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा बसवून घ्या.

मुळाभोवतीचं हाड खूप झिजलं असेल किंवा मूळच विरघळायला लागलं असेल, तर दाढ वाचत नाही, काढावी लागते. ते एक्स-रेवर ठरतं. तसं झालं, तर त्याच बैठकीत ‘जागा राखायचं काय?’ हा प्रश्न विचारा. जागा धरून ठेवायला तारेची छोटी पट्टी बसवतात. तुमच्या मुलाची पहिली कायमची दाढ अजून आलेली नसेल, तर साधी पट्टी चालत नाही, हिरडीत थोडी उतरणारी खास पट्टी लागते. ते काम बालदंततज्ज्ञाचं.

आता पुढचे दात. हिरडीलगतचे खडूसारखे पांढरे पट्टे ही किडीची पहिली पायरी आहे : कवचातला कॅल्शियम-फॉस्फेट निघून गेलाय, पण पृष्ठभाग अजून शाबूत आहे. एवढ्या टप्प्यावरून दात मागे फिरू शकतो, ड्रिल न लावता. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : घरी फ्लोराइडच्या पेस्टनं दोन वेळा घासणं, आणि दवाखान्यात दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचं व्हार्निश. हा चिकट लेप दात पुसून ब्रशनं लावतात, मिनिटभराचं काम आहे. त्या दिवशी मऊ खायला द्या आणि पुन्हा ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी. लेपामुळे दात दिवसभर पिवळट दिसतील, घाबरू नका.

तपकिरी खड्डे मात्र भरून येत नाहीत. ते आहेत तिथे थांबवता येतात. मूल खुर्चीत बसायला तयार नसेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रव्य लावतात, ३८ टक्के तीव्रतेचं, साधारण वर्षातून दोनदा. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. त्यातली चांदी जंतू मारते आणि मऊ झालेला भाग टणक होतो. पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधी समजून घ्या. पुढचे दात असल्यानं शाळेतल्या फोटोत ते दिसेल. ते नको असेल आणि मूल सहकार्य करत असेल, तर खड्डे दाताच्या रंगाच्या सिमेंटनं भरून घ्या. दोन्ही मार्ग योग्य आहेत. ठणकणाऱ्या दाढेला मात्र हे द्रव्य लावून भागत नाही.

एवढं सगळं करून रात्रीचं दूध आहे तसंच राहिलं, तर टोपीशेजारची दाढ वर्षभरात किडेल. म्हणून घरातली बाजू तितक्याच गांभीर्यानं घ्या.

दातावरच्या थरातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांत त्या थराचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरतो आणि कवच विरघळायला लागतं. लाळ हे आम्ल धुऊन, त्यातली खनिजं परत भरून काढते, पण तिला अर्धा ते एक तास लागतो. त्यामुळे एकूण साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं ठरतं. जेवणात वाटीभर शिरा खाल्ला तर हल्ला एकदाच. चारला बिस्कीट, साडेचारला अर्धं चॉकलेट, पाचला चहात बुडवलेली खारी, सहाला पुन्हा बिस्कीट असं झालं, की दात संध्याकाळभर आम्लात राहतात. झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणून झोपतानाचं गोड दूध सगळ्यांत घातक. तुमच्या मुलाचे वरचे पुढचे दात आधी किडले आणि खालचे पुढचे वाचले, ही बाटलीनं दूध पिण्याची ओळखीची खूण आहे. दूध वरच्या दातांभोवती साचतं, खालच्या दातांवर जीभ असते.

दूध बंद करायची गरज नाही. ते रात्रीच्या जेवणासोबत किंवा त्यानंतर लगेच द्या, साखर आणि चॉकलेटी पावडर न घालता. साखर एकदम तोडली तर तो पेला बाजूला सारेल. चार दिवसांनी पाव-पाव चमचा कमी करत महिन्याभरात शून्यावर या. मग ब्रश, आणि ब्रशनंतर सकाळपर्यंत फक्त पाणी. गूळ, मध, खजूर, मनुका यांनी दात किडत नाहीत असा बऱ्याच घरांत समज आहे. जंतूंना त्यातलीही साखर चालते, आणि खजूर-मनुका तर दाढेच्या खाचेत चिकटून बसतात. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की द्यायची तर जेवणाबरोबर द्या. मधल्या वेळेला फुटाणे, शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं, साखर न घातलेलं ताक. फुटाणे-शेंगदाणे बसून, समोर चावून खाऊ द्या, पळताना नको, घशात अडकतात. रोज कफ सिरप चालू असेल, तर त्यातही साखर असते : ते ब्रशच्या आधी.

फ्लोराइडबद्दल. तुम्ही ऐकलंय त्यात तथ्य आहे, पण ते पाण्याला लागू होतं, वाटाण्याएवढ्या पेस्टला नाही. किडीविरुद्ध घरी वापरता येण्याजोगं याहून चांगलं साधन नाही. नळीवर फ्लोराइडचा आकडा पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) छापलेला असतो. भारतात टूथपेस्टसाठी कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे आणि तुमच्या मुलाला १००० पीपीएमचीच लागेल. मुलांच्या रंगीत जेलमध्ये बऱ्याचदा त्याच्या निम्मं किंवा अजिबात नसतं. घरातली मोठ्यांची साधी पेस्ट पाहा, आकडा जुळला तर वेगळी आणायची गरज नाही. प्रमाण : तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. वाटाण्याएवढ्या पेस्टमध्ये साधारण पाव मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, त्यातलं थोडं गिळलं गेलं तरी अपाय नाही. नळी मुलाच्या हाती देऊ नका, पेस्ट तुम्हीच लावा. घासून झालं की थुंकायला सांगा, पण चूळ भरू देऊ नका. खळखळून चूळ भरली की फ्लोराइड पाण्याबरोबर जातं. घरातल्यांना हे आधी विचित्र वाटेल, आठवडाभरात सवय होते.

पाण्याची बाब वेगळी आहे आणि ती जरूर तपासा. मराठवाडा-विदर्भातल्या अनेक गावांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त असलेलं पाणी लहानपणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडांवरही परिणाम होतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. फ्लोराइड जास्त निघालं तर पिण्या-स्वयंपाकाचं पाणी बदला. उकळून ते कमी होत नाही, उलट पाणी आटून वाढतं. साधा कँडल फिल्टरही उपयोगाचा नाही, आरओ चालतो. पेस्ट मात्र तशीच चालू ठेवा, प्रमाणात.

ब्रश त्याच्या हाती द्या, पण नंतर तुम्ही पुन्हा घासा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला मागच्या दाढा नीट साफ करण्याइतकं वळण नसतं. रात्रीचा ब्रश तुमचाच, त्यात सूट नको. पलंगावर बसा, मुलाचं डोकं तुमच्या मांडीवर, तोंड वर. डाव्या हाताच्या बोटानं गाल बाजूला ओढा आणि त्याला तोंड अर्धवट मिटायला सांगा. पूर्ण उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रश शेवटच्या दाढेच्या बाहेरच्या बाजूला पोचत नाही. छोट्या डोक्याचा मऊ ब्रश हिरडी आणि दात यांच्या रेषेवर तिरका ठेवून लहान लहान गोल फिरवा. आधी मागच्या दाढा, मग पुढचे दात : मुलाचा धीर शेवटी संपतो, तेव्हा सोपा भाग उरलेला बरा. एकूण दोन मिनिटं. वरचा ओठ उचलून हिरडीची रेष पाहिल्याशिवाय थांबू नका, पांढरा पट्टा तिथेच सुरू होतो. दोन दुधाच्या दाढा एकमेकींना चिकटून असतात, त्या फटीत ब्रश जात नाही आणि बऱ्याच दाढा तिथूनच किडतात. तिथे रात्री एकदा फ्लॉसची (दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याची) दांडी फिरवा. हिरडीतून थोडं रक्त आलं तर ती सुजलेली आहे, घासणं थांबवायचं नाही, आठवडाभरात रक्त बंद होतं.

घरात कुणी मशेरी लावत असेल, तर ती मुलांच्या हिरडीला कधीही लावू देऊ नका. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तंबाखूयुक्त पेस्ट-मंजनांवर केंद्र सरकारनं १९९२ मध्येच बंदी घातली आहे. बाजारात भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड काढून दाखवणारे असतात, त्यांच्याकडे मुलाला नेऊ नका. दात जंतूंच्या आम्लानं किडतो, त्यात अळी नसते. वाटीत पडलेलं दिसतं ते दाढेतून आलेलं नसतं. लवंगेचं तेलही मुलांच्या दाढेत टाकू नका, हिरडी भाजते आणि गिळलं तर ते विषारी ठरू शकतं.

उपचारापर्यंत पुन्हा ठणका लागला, तर पॅरासिटामॉल द्या. मात्रा वजनावर : किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १६ किलोला १६० ते २४० मिलिग्रॅम एका वेळी. चूक होते ती सिरपच्या तीव्रतेत. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ६.७ ते १० मिली, आणि ५ मिलीत २५० असलेल्या बाटलीतून फक्त ३.२ ते ४.८ मिली. लेबल वाचा, मापाच्या टोपणानं द्या. दोन मात्रांत निदान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. सर्दी-तापाच्या दुसऱ्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल असेल तर दोन्ही एकत्र नकोत. ॲस्पिरिन मुलांना देऊच नका. गाल सुजून डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरला, ताप चढला, तोंड उघडेना, गिळताना त्रास झाला किंवा मूल मलूल पडलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिल्हा रुग्णालय गाठा. सुजेवर शेक देऊ नका.

मुलीचे दात ‘चांगले दिसतात’ असं तुम्ही म्हणता, पण उजेडात तिच्या शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पाहा. साडेसहाव्या वर्षी तिथे कायमची दाढ आलेली किंवा हिरडीतून डोकावत असेल. कुठलाही दात न पडता ती मागून येते, त्यामुळे पुष्कळ पालकांना ती दुधाचीच वाटते आणि ती किडेपर्यंत कळत नाही. आयुष्यभर टिकवायची दाढ आहे ही. तिच्या खाचा खोल असतात आणि येताना ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, म्हणून सरळ फिरवलेला ब्रश तिच्यावरून जातच नाही. तिच्यासाठी ब्रश गालाच्या बाजूनं आडवा आत घाला. दाढ पूर्ण वर आली की खाचांवर सीलंट लावून घ्या : दाढ कोरडी करून पातळ द्रव्य ओततात आणि निळ्या दिव्यानं कडक करतात. अर्धवट आलेली असेल तर लाळेमुळे ते टिकत नाही, तोवर ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट लावतात. ते निघालं-तुटलं नाही ना, हे दर सहा महिन्यांनी पाहून घ्या.

खर्चाची अडचण असेल, तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय तुमच्या जिल्ह्याला जवळ आहे. तिथे लहान मुलांचा वेगळा विभाग असतो. एका दिवसात सगळं होईलच असं नाही, दोन-तीन फेऱ्या धरून चला आणि काढलेला एक्स-रे सोबत न्या. अंगणवाडी-शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही दाढ दाखवा, ते पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवू शकतात.

नंबर सकाळचा घ्या, तेव्हा मुलं ताजी असतात. जाण्याआधी पोटभर खाऊ घाला. ‘सुई देणार नाहीत’ असं खोटं आश्वासन देऊ नका, आणि ‘नीट वाग, नाहीतर डॉक्टर सुई देतील’ असं घरातल्या कुणालाही म्हणू देऊ नका. ‘दाढ झोपवतील आणि मग तिला चांदीची टोपी घालतील’ एवढं पुरे. परतल्यावर दोन तास खायला देऊ नका आणि त्याच्याजवळ बसा : ओठ आणि गाल बधिर असतात, मुलांना ते गमतीचं वाटतं आणि ती ते चावत बसतात. संध्याकाळी ओठ सुजून पांढरट जखम दिसते, पालकांना वाटतं उपचार बिघडला. तसं झालंच तर त्यावर साजूक तूप किंवा व्हॅसलीन लावा, तिखट टाळा, ती आठ-दहा दिवसांत भरते.